कोणाचेच नसलेले रक्त

एक

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास डॉक्टर भार्गव यांच्या मेजावर एक अहवाल येऊन पडला. त्यात आनंद मानावा असेच सर्व काही होते, आणि नेमके त्यामुळेच त्यांना स्वस्थ बसवेना.

अहवाल रीनाचा होता. वय आठ वर्षे, खाट चौदा, रक्ताचा कर्करोग, उपचारांचा तिसरा महिना. रक्त वाहू लागले की ते थांबविण्याचे काम ज्या सूक्ष्म कणांकडे असते, त्या प्लेटलेट शनिवारी तिच्या अंगात अवघ्या अकरा हजार उरल्या होत्या. रविवारच्या नळीत त्या दोन लाख ऐंशी हजार भरल्या. हिमोग्लोबिन साडेसहावरून बारावर गेले होते. हा आकडा फोनवर ऐकताच पाळीवरच्या कनिष्ठ डॉक्टरने रीनासाठी राखून ठेवलेली प्लेटलेटची पिशवी सोडून दिली होती. ती एव्हाना दुसऱ्या एका रुग्णालयात पोहोचली असेल.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या रक्तपेढीतून फोन आला.

"सर, खाट चौदाचा रक्तगट तुमच्याकडे काय लिहिला आहे?"

"बी पॉझिटिव्ह. तीन महिने तोच आहे."

"सकाळच्या नळीत ओ पॉझिटिव्ह निघतोय, सर."

भार्गव उठले. एका रात्रीत कोणाचा रक्तगट पालटत नाही. ते स्वतः वॉर्डात गेले, रीनाच्या उजव्या मनगटाजवळून त्यांनी पुन्हा रक्त काढले आणि नळी हातात धरूनच प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. वीस मिनिटांत उत्तर आले. बी पॉझिटिव्ह. प्लेटलेट नऊ हजार.

ते जिन्याकडे वळले तोच वरून निरोप आला, रीनाच्या नाकातून रक्त येऊ लागले आहे.

दोन

हिंदी मुलखातल्या एका शहरात, तेलीबांध्याच्या तलावाकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या बालरुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर बावीस मुले होती आणि बावीसही रक्ताच्या विकारांची. साडेअकरा वाजता त्या मजल्यावर डॉक्टर भार्गव यांचा हुकूम आला: चूक कोठे झाली हे कळेपर्यंत येथे कोणालाही रक्ताचा एक थेंब चढवायचा नाही.

हुकूम कठोर होता, पण अकारण नव्हता. नळीवर चिकटणारी चिठ्ठी आणि रक्ताच्या पिशवीवर चिकटणारी चिठ्ठी एकाच यंत्रातून निघत. चिठ्ठ्याच जर खोटे बोलू लागल्या असतील, तर पिशवीत लिहिले तेच रक्त आहे याची हमी कोण देणार? चुकीचे रक्त चढले तर ते औषध राहत नाही. रीनासाठी नव्या पिशवीची व्यवस्था झाली होती. ती एक वाजता तयार होणार होती. परंतु कारण सापडले नाही, तर ती खाली थंड पेटीत पडून राहणार आणि वर रीनाचे रक्त वाहत राहणार.

सकाळच्या बावीसही नळ्या पुन्हा तपासून झाल्या. एकवीस नळ्यांत त्या त्या मुलाचेच रक्त निघाले. अदलाबदल झाली असती तर दोन नळ्या चुकल्या असत्या. येथे एकच चुकली होती.

"म्हणजे हे रक्त कोणाचेच नाही," भार्गव म्हणाले.

हे वाक्य त्यांनी ज्यांना ऐकवले, त्या गोदावरीबाई पुराणिक. तात्यापाऱ्याच्या मराठी वस्तीत राहणाऱ्या, वय एकाहत्तर. छत्तीस वर्षे बालकांच्या शुश्रूषेत घालवून, याच रुग्णालयाच्या अधिसेविका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि सारा मजला त्यांना गोदूताई म्हणे. दर रविवारी सकाळी आठ ते नऊ या वेळात आजारी मुलांच्या भावंडांना आत येऊ द्यावे, ही प्रथा त्यांनीच भांडून सुरू करविली होती. मुखपट्टी बांधून, रुग्णालयाचा गुलाबी झगा अंगावर चढवून भावंडे खेळघरात येत. गोदूताई प्रत्येक रविवारी तेथे हजर असत; त्या दिवशी मात्र इ-रिक्षा बिघडल्याने त्यांना पोहोचायला दहा वाजले होते.

"ताई, या मजल्यावरची माणसे तुमच्याशी जे बोलतील ते माझ्याशी बोलणार नाहीत," भार्गव म्हणाले. "एक वाजेपर्यंत वेळ आहे."

गोदूताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. बाराला दहा मिनिटे कमी होती.

"आधी मला एवढे सांगा," त्या म्हणाल्या, "की ते रक्त कसे आहे? कोणाचे, ते मागाहून पाहू."

तीन

प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ अभिनव सकाळपासून तिसऱ्यांदा हात धूत होता. सव्वीस वर्षांचा मुलगा. नोकरीला सात महिने झालेले, अजून कायम व्हायचा होता.

"ताई, सब यही बोलेंगे कि मेरी गलती है," तो म्हणाला.

"मी अजून काही बोलले नाही. तू मराठीत सांग, मला सोपे जाईल."

तो ओशाळून हसला. "सांगतो. सकाळी चिठ्ठीचं मशीन अटकलं होतं. दहा मिनिटं. तेव्हा चार चिठ्ठ्या मी हातानं लिहिल्या. ते नियमात नाही. सरांना सांगितलं नाही."

"त्या चारांत रीनाची होती?"

"हव, होती." त्याची मान खाली गेली.

"नळी वर भरली गेली तेव्हा चिठ्ठी तिच्यावर होती की नंतर लागली?"

"वरच. मी रिकाम्या नळ्यांना चिठ्ठ्या लावून पाठवल्या. गंधाली सिस्टरनं खाटेजवळ वाचून, मनगटावरच्या पट्टीशी जुळवून रक्त काढलं."

"मग तुझे अक्षर कसेही असो, नळीत काय गेले ते तुझ्या हातात नव्हते." गोदूताईंनी खुर्ची पुढे ओढली. "आता त्या रक्ताबद्दल सांग. कोणी मोठ्या माणसाचे असेल?"

अभिनवने पडद्यावर आकडे आणले आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज स्थिर झाला. "नाही. हे बघा. हाडं वाढत असतात ना, तेव्हा रक्तात एक द्रव्य खूप जास्त असतं. मोठ्यांत इतकं नसतं. हे वाढत्या मुलाचं रक्त आहे."

"आणि आजार?"

"काहीच नाही, ताई. एकदम फर्स्ट क्लास."

गोदूताई उठल्या. बावीस आजारी मुलांच्या मजल्यावर एका निरोगी मुलाचे रक्त नळीत शिरले होते. या मजल्यावर निरोगी मूल आठवड्यातून एकच तास येते, आणि तो तास त्यांचा स्वतःचा होता.

चार

परिचारिका गंधाली औषधांच्या खोलीत होती. तिचे डोळे लाल झाले होते. नेहमी ती दुसऱ्या मजल्यावर, हृदयाच्या मुलांकडे असे. आज कोणी रजेवर गेल्याने तिला वर पाठविले होते.

"मी सगळं नियमानं केलं, गोदूताई. मनगटपट्टीचा नंबर वाचला. नाव विचारलं. 'तुझं नाव काय?' असंच विचारलं, 'तू रीना ना?' असं नाही. ती म्हणाली, रीना. जन्मतारीखसुद्धा बरोबर सांगितली."

"रडली?"

"मुळीच नाही! हात पुढे करून बसली. मी म्हटलं, बाई गं, माझ्या वॉर्डातली मुलं तुझ्याकडे शिकवणीला पाठवली पाहिजेत."

गोदूताई हसल्या नाहीत. रीनाला त्या तीन महिने ओळखत होत्या. सुईचा ट्रे दिसला की ती खाटेच्या गजाला धरून बसे.

"कोणत्या हातातून काढलेस?"

"डाव्या कोपरातून. शीर पटकन मिळाली. तसं लिहिलंही आहे."

"त्या वेळी खेळघरात कोण होते?"

"सात-आठ पोरं. सगळी एकसारखी दिसत होती, त्या गुलाबी झग्यांत. गोंधळ नुसता. एकच काय ती शांत होती, लोकरी टोपीवाली. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली. मला वाटलं झोप आली असेल."

"लोकरी टोपी? वैशाखात?"

"मलाही नवल वाटलं. पण म्हटलं, इथं एसी आहे."

बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. गोदूताई वॉर्डाच्या काचेच्या दाराबाहेर आल्या. तेथल्या बाकावर एक म्हातारी बसली होती आणि तिच्या कुशीला एक मुलगी. मुलीच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली निळी लोकरी टोपी होती, आणि टोपीखालून घामाचा ओघळ गालावर आला होता.

पाच

म्हातारी अंजनाबाई, रीनाची आजी. मुलगा यशदीप रेल्वेच्या वॅगन कारखान्यात, सून घरी तान्ह्या बाळाजवळ. दवाखान्याची पाळी आजीची. टोपीवाली मुलगी रुचिता, रीनाहून वर्षाने मोठी.

"बाई, माह्या पोट्टीचं नाक थांबून नाही राहिलं," अंजनाबाई म्हणाल्या. "रक्त काहून देऊन नाही राहिले तिले? पिशवी तं येते म्हणे."

"तेवढ्यासाठीच आले आहे. सकाळी तुम्ही तिच्याजवळ होतात?"

म्हातारी चपापली. "होतो ना. म्हणजे... थोडा वेळ खाली गेलो होतो. चहा प्याले. कोणाले सांगू नका, त्या मोठ्या सिस्टरबाई रागावतात. साडेआठचा टाइम असन. रुचितानंच म्हटलं, आजी तू जा, मी बसतो रीनाजवळ."

"चहाला गेलात त्यात पाप नाही. या दोघींचे एकमेकींवर फार प्रेम दिसते."

"इचारू नका! एक रडली का दुसरीचे डोये भरतेत. म्या लहानपणापासून पाळी लावून ठेवली, नाही तं भांडण. खिडकीजवळ आज ही, उद्या ती. भांडे आज हिनं, उद्या तिनं. फराकसुद्धा गोल बाजारातून एकाच मापाचे घेतो दोघींले, का वाद नको."

गोदूताईंनी रुचिताकडे पाहिले. "टोपी काढतेस का गं? घाम आला आहे."

रुचिताने दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली. "नहीं. ठंड लग रही है."

अंजनाबाईंनी कपाळावर हात मारला. "आता काय सांगू. रीनाचे केस गेले तं हीही न्हाव्याकडे जाऊन बसली. मंगळवारी. म्हणे दोघींचे संगंच येतीन. बापानंही कापू दिलं! आता लाजते."

गोदूताई रुचितापुढे वाकल्या नाहीत, की त्यांनी तिला काही विचारलेही नाही. त्या पुन्हा आत गेल्या आणि चौदाव्या खाटेपाशी थांबल्या.

रीना उशीवर पडून होती. नाकात कापसाचा बोळा, तो अर्धा लाल. गोदूताईंनी तिचा डावा हात हलकेच उचलला. मनगटपट्टी सरकून बोटांपर्यंत आली. आणखी एक झटका दिला असता तर ती निघूनच आली असती. हातावर ठिकठिकाणी निळे डाग होते. ज्याच्या रक्तात प्लेटलेट नाहीत, त्याच्या कातडीवर सुईची प्रत्येक भेट अशी नोंदली जाते. उजव्या मनगटाजवळचा डाग ताजा, जांभळा. डावे कोपर मात्र कोऱ्या कागदासारखे स्वच्छ होते.

"रीना, आज सकाळी सुई टोचली तुला?"

"सरांनी टोचली. इथं."

"त्याच्या आधी?"

रीनाने डोळे मिटून घेतले. "मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि कापसाचा बोळा पुन्हा भिजू लागला.

सहा

साडेबारा वाजता डॉक्टर भार्गव यांच्या खोलीत अभिनव आणि गंधाली एकमेकांकडे न पाहता उभे होते. भार्गव येरझाऱ्या घालीत होते.

"प्रयोगशाळा निर्दोष आहे," गोदूताई म्हणाल्या. "गंधालीही. चिठ्ठी खरी होती, पट्टी खरी होती, सांगितलेले नाव आणि तारीख खरी होती. फक्त खाटेवर बसलेली मुलगी रीना नव्हती."

भार्गव थांबले.

"ते रक्त मोठ्या माणसाचे नाही, हे अभिनवने सांगितले. ते निरोगी आहे, म्हणजे या बावीसांपैकी कोणाचे नाही. उरली ती आज खेळघरात आलेली भावंडे. आता हात पाहा. गंधाली म्हणते डाव्या कोपरातून काढले. रीनाच्या डाव्या कोपरावर खूण नाही, आणि नऊ हजार प्लेटलेट असलेल्या मुलीला सुई टोचली तर खूण राहिल्यावाचून राहत नाही. तेव्हा सुई दुसऱ्या कोपराला टोचली गेली. ते कोपर कोणाचे? जिची उंची रीनाइतकी, जिने मंगळवारी डोके भादरून घेतले, जिला बहिणीची जन्मतारीख पाठ आहे, आणि जिने साडेआठ वाजता आजीला चहाला धाडले. मुखपट्टी आणि गुलाबी झगा तर आपणच देतो. पट्टी रीनाच्या हातातून नुसती ओढली की निघते."

"आणि त्या वेळी रीना कोठे होती?" गंधालीने विचारले, पण विचारतानाच तिला उत्तर मिळाले. "अरे देवा. ती लोकरी टोपी."

"होय. टोपी घालून खेळघरात बसलेली मुलगी दमलेली होती, कारण ती आजारी होती."

"पण कशासाठी?" भार्गव यांचा आवाज चढला. "तिच्या जिवाशी खेळ झाला आहे, ताई! पिशवी गेली. तीन तास गेले."

"त्या घरात प्रत्येक गोष्टीची पाळी असते, डॉक्टर. तीन महिने सुईची पाळी एकटीवरच येत होती. मोठीला तो अन्याय वाटला असावा. आपण मुलांना सांगतो की रक्त काढतो ते बरे वाटावे म्हणून. कोणाचे काढले याने फरक पडतो, हे आपण त्यांना कधी सांगितले?"

भार्गव खुर्चीत बसले. मग गोदूताई सावकाश म्हणाल्या, "रविवारची ती वेळ मी मागून घेतली होती. आज मी तेथे नव्हते. ती बंद करायची असेल तर तुम्हाला अधिकार आहे. पण त्याआधी एका मुलीचे कोपर पाहून या, म्हणजे माझ्या तर्कावर विसंबावे लागणार नाही, आणि पिशवी वर आणता येईल."

सात

बाकावर रुचिताने प्रथम मान हलवून सर्व नाकारले. भार्गव तिच्यासमोर चक्क जमिनीवर बसले.

"मी रागावणार नाही," ते म्हणाले. "मला फक्त तुझा डावा हात बघायचा आहे. रीनाला रक्त द्यायचं की नाही, ते त्यावर ठरणार आहे."

रुचिताने ओठ दाबले. मग तिने बाही वर केली. कोपराच्या घडीत टाचणीच्या टोकाएवढा एक लाल ठिपका होता.

"उसको बहुत दर्द होता है," ती म्हणाली. "मेरी बारी थी."

अंजनाबाईंनी तोंडावर पदर धरला. "अगं माय! काय करून बसली तू, पोट्टे!"

खात्रीसाठी रुचिताच्या बोटातून एक थेंब घेण्यात आला. ओ पॉझिटिव्ह. एक वाजून पाच मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरचा हुकूम मागे घेतला गेला, आणि प्लेटलेटच्या पिवळसर द्रवाची पिशवी चौदाव्या खाटेवरच्या आकड्याला लटकली. दोन वाजण्यापूर्वी रीनाच्या नाकात घातलेला नवा बोळा पांढराच राहिला.

रुचिता तोपर्यंत काचेच्या दाराशी उभी होती. घरी चल म्हटले तरी हलेना, पाणीही घेईना. आपल्यामुळे बहिणीची पिशवी गेली, एवढे तिला आता कळले होते. चिठ्ठ्यांचे यंत्र दुरुस्त करवून अभिनव त्या वाटेने चालला असता तिने त्याची बाही ओढली.

"भैया, मेरा खून खराब था?"

अभिनव थबकला. सकाळपासून याच रक्ताने त्याची नोकरी टांगणीला लावली होती. "नहीं रे," तो म्हणाला. "इतना अच्छा खून इस हफ्ते मैंने देखा ही नहीं. बस, रीना का नहीं था."

तिने ते ऐकून घेतले. बराच वेळ ती काचेतून आत पाहत राहिली.

चार वाजता रीनाची पुन्हा तपासणी होती. गंधालीने ट्रे उचलला, आणि भार्गव यांनी दारातून रुचिताला आत बोलावले. रविवारची ती वेळ केव्हाच संपलेली होती. झगा चढवून, मुखपट्टी बांधून ती खाटेजवळ गेली. टोपी तिने बाहेर आजीजवळ ठेवली होती. ट्रे दिसताच रीनाने खाटेचा गज धरला.

"तो सोड," रुचिता तिला मराठीत म्हणाली. "माझा हात धर. जोरात धर."

सुई टोचली तेव्हा रीना मोठ्याने रडली. तिची नखे रुचिताच्या मनगटात रुतली, आणि रुचिताने हात हलविला नाही.